जीभ नेमकी कुठे अडते?

सातारा-सांगली भागातल्या बहुतेक मुस्लिम घरांत मूल दोन भाषांत वाढतं. घरात ‘मेरेकू नक्को’वाली दखनी, शाळेत, बाजारात, एसटीत मराठी. असं मूल वर्गात अडखळलं की निकाल लगेच लागतो : ‘याचं मराठी कच्चं आहे. घरी बोलत नाहीत ना!’ माझ्या भाच्याबद्दल सांगलीतल्या एका शाळेत हेच सांगितलं गेलं. वर सल्ला मिळाला, ‘घरी हिंदी बंद करा.’ पोरगा मराठीत निबंध उत्तम लिहितो. घरच्या बोलीतही तो तेवढाच अडखळतो. पण ते कुणी विचारलंच नाही.

भाषा येत नाही म्हणून थांबणं वेगळं आणि तोतरेपणा वेगळा. भाषा कच्ची असलेला माणूस शब्द शोधत थांबतो. तोतरं बोलणाऱ्याला शब्द ठाऊक असतो, फक्त तो जिभेवरून सुटत नाही.

शिवाय तो कुठेही अडत नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात स्पेन्सर ब्राउन यांनी तोतऱ्या प्रौढांचं वाचन तपासून 1945 मध्ये चार गोष्टी मांडल्या. अडखळणं जास्त येतं ते वाक्याच्या सुरुवातीच्या शब्दांवर, लांब शब्दांवर, व्यंजनाने सुरू होणाऱ्या शब्दांवर आणि अर्थाचं ओझं वाहणाऱ्या शब्दांवर, म्हणजे नाम, क्रियापद, विशेषण यांवर. हे निष्कर्ष इंग्रजीचे आहेत. शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी जीभ क्वचितच अडते; अडते ती पहिल्या अक्षराशी.

आता आपली मराठी पाहा. इंग्रजीत ‘कडे’, ‘मध्ये’ या अर्थाचे छोटे शब्द नामाच्या आधी येतात. मराठीत ते मागे चिकटतात. ‘साताऱ्याला’ म्हणताना ‘ला’ अडत नाही, ‘सा’ अडतो. ‘मी’ गाळून आपण थेट ‘सांगलीला चाललोय’ म्हणतो, तेव्हा वाक्याचा पहिला शब्दच वजनदार असतो. म्हणजे तोंड उघडताच अवघड जागा समोर!

सगळ्यात अवघड ते शब्द, ज्यांना पर्याय नाही. दोन भाषा येणाऱ्याला एक पळवाट असते. ‘कांदा’ अडला तर ‘प्याज’ म्हणता येतं. म्हणून ही मुलं मध्येच भाषा बदलतात आणि आपण म्हणतो, ‘बघा, मराठी येत नाही.’ पण स्वतःचं नाव कसं बदलणार? हजेरीत, फोनवर, बँकेच्या खिडकीवर तेच सांगावं लागतं. उंब्रजला उतरायचं असून ‘उंब्रज’ सुटत नाही म्हणून कराडचं तिकीट काढावं लागणं, ही चेष्टेची गोष्ट नाही. निकाहात तर एकच शब्द, ‘कबूल’. तोही साक्षीदारांपुढे, सगळे कान देऊन बसलेले असताना. तिथे ‘क’ अडला की कुणीतरी हसतं. नवरदेवाच्या होकारात मात्र काहीच कमी नसतं.

तेच मूल मदरशात सगळ्यांसोबत सबक म्हणताना किंवा वर्गात पाढे म्हणताना बहुधा अडखळत नाही. एकत्र म्हणताना, गाताना, लयीत बोलताना तोतरेपणा खूप कमी होतो, हे जगभर दिसलं आहे. म्हणून ‘तिथे नीट बोलतो, इथे नाटक करतो’ हा आरोपही खोटा. एकट्याने, स्वतःचं वाक्य जुळवत बोलणं हे वेगळंच काम आहे.

साधारण 5 टक्के मुलं लहानपणी कधीतरी तोतरं बोलतात. बहुतेकांचं सुटतं, मोठेपणी 1 टक्क्याच्या आसपास उरतात. 2010 साली पाकिस्तानी कुटुंबांच्या अभ्यासातून याच्याशी जोडलेले जनुकीय बदल सापडले. घरात दोन भाषा बोलल्याने तोतरेपणा येतो, हे सिद्ध झालेलं नाही. मग नानीची भाषा मुलाकडून का काढून घ्यायची? जिभेवर वेखंड घासूनही काही साधत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. वाचातज्ज्ञाकडे जा आणि मुलाचं बोलणं दोन्ही भाषांत तपासायला सांगा. दोन्हीकडे अडत असेल, तर दोष मराठीचा नाही आणि दखनीचाही नाही. शिक्षकांनी तोंडी परीक्षेत अडखळण्याचे गुण कापू नयेत. हजेरीला हात वर केला तरी पुरे मानावं. आणि शब्द अडला की तो आपण पुरवू नये, थांबावं. त्याला शब्द माहीत आहे.

हजरत मूसा (अ.) यांनी फिरऔनकडे जाताना जिभेची गाठ सुटावी अशी दुआ मागितली होती, सोबतीला भाऊ हारून यांनाही मागून घेतलं होतं. ही गोष्ट आपण मिंबरवरून कितीदा ऐकतो! तरी आपल्याच मोहल्ल्यातल्या पोराला ‘तोतऱ्या’ म्हणून हाक मारतो. ती हाक आधी बंद व्हायला हवी.