निरोप समारंभानंतर

वसतिगृहाच्या नोंदवहीत विद्यार्थी दाखल झाल्याची तारीख असते आणि त्याने शाळा सोडल्याची तारीखही असते. त्यापुढे रकाना नाही. इतिहासाचे अभ्यासक म्हणून कागदावर आमचा विश्वास जरा अधिकच. पण या नोंदवहीने आमची बरीच वर्षे दिशाभूल केली. दहावीचा निकाल लागला, गुणपत्रक हाती दिले की आपले काम संपले, असे आम्ही समजत आलो. इतर मुलांच्या बाबतीत ते एक वेळ खपून जाते. ती अकोला, अमरावती, पुणे अशी आपली वाट शोधतात. दिव्यांग मुलांना ती वाट कोणी दाखवलेलीच नसते.

काही वर्षांपूर्वी एका लग्नाच्या निमित्ताने मानोरा तालुक्यातल्याच एका खेड्यात जाणे झाले. एका ओसरीवर बाजेवर बसलेला तरुण आम्हाला पाहून हसला. ओळख पटायला वेळ लागला. त्याला ऐकू येत नसे, बोलणेही मोजकेच. परंतु शाळेत असताना सर्वांच्या सायकलींची देखभाल त्याच्याकडे असे. पंक्चर काढावे, चेन बसवावी तर त्यानेच. शाळा सोडल्याला सहा वर्षे झाली होती आणि सहाही वर्षे तो घरीच होता. त्याची आई म्हणाली, "याले कुठी धाडू, सर? कोनी फसोलं तं?" अपंगत्वाचा दाखला लहानपणी काढलेला, तात्पुरता, मुदत केव्हाच संपलेली. तो पुन्हा काढावा लागतो हे घरात कोणाला ठाऊक नव्हते, आणि त्याला चार वर्षे शिकवणाऱ्या आम्ही ते कधी सांगितले नव्हते. त्याच्या निरोप समारंभातले आमचे भाषण मात्र चांगले झाले होते, असे आठवते.

कायदा नाही असे म्हणायला जागा नाही. संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये कामाचा आणि शिक्षणाचा हक्क सांगितला आहे, आणि त्याच वाक्यात बेकारी, वार्धक्य, आजारपण व विकलांगता या प्रसंगी सरकारी साहाय्याची तरतूद आहे. आपल्या लक्षात राहते ते साहाय्य. काम आणि शिक्षण हे शब्द त्याच्या आधी येतात, हे आपण विसरतो. शिवाय हे मार्गदर्शक तत्त्व, न्यायालयात जाऊन मागता येईल असा हक्क नव्हे. दिव्यांगांसाठी पहिला व्यापक कायदा यायला १९९५ उजाडले. त्याच्या जागी आलेला २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मोजले आहेत आणि सरकारी नोकऱ्यांतील आरक्षण ३ टक्क्यांवरून ४ टक्के केले आहे. मोफत शिक्षणाचा हक्क मात्र वयाच्या १८ व्या वर्षापर्यंतच. म्हणजे मुलाला आधाराची खरी गरज जेथे सुरू होते, नेमक्या त्याच उंबरठ्यावर तो सुटतो.

बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मूल १८ वर्षांचे झाले की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार त्यासाठी जिल्हास्तरावरील समितीकडे अर्ज करावा लागतो. बँकेत किंवा तहसिलीत काम अडल्यावर हे कळण्यापेक्षा नववीतच कळलेले बरे.

दिव्यांगांच्या पुनर्वसनाचा विषय निघाला की आपल्या विदर्भात आनंदवनाचे नाव येतेच. वरोऱ्याजवळ १९४९ मध्ये बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांना सोबत घेऊन ती भूमी उभी केली. पुढे तेथे अंध व कर्णबधिर मुलांच्या शाळा आल्या, अपंगांना व्यवसाय शिकवणारे संधिनिकेतन आले. दानाऐवजी काम, हा त्या प्रयोगाचा कणा, आणि त्याबद्दल आमच्या मनात आदरच आहे. तरीही एक प्रश्न छळतो. आनंदवन गावाबाहेर उभे राहिले, कारण गावाने त्या माणसांना बाहेर काढले होते. गावकुसाबाहेर राहणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. मग आपल्याच मुलाला कामासाठी गाव सोडावे लागावे, किंवा गावात राहून ओसरीच्या आत बंद व्हावे लागावे, हे आपण का सोसतो?

चुळपंथकाची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना म्हणून सख्ख्या भावाने त्याला विहारातून घालवले. तथागतांनी त्याच्या हाती स्वच्छ वस्त्राचा तुकडा दिला आणि तोच हाताळत बसायला सांगितले. पाठांतराचा आग्रह सोडून त्याच्याजोगे काम दिले. आम्ही वर्गात ही कथा अनेकदा सांगितली, आणि त्याच वर्गात पाठांतरावरच गुण दिले.

आमचे मत असे की तयारी आठवीपासून व्हावी. मुलाला काय आवडते, त्याच्या हाताला काय जमते, हे वसतिगृहाच्या अधीक्षकाला शिक्षकापेक्षा अधिक कळते. त्याचे म्हणणे लिहून ठेवावे. दाखला आणि यूडीआयडी कार्ड शाळा सोडण्यापूर्वी तपासावे. एकट्याने एसटीने कारंज्याला जाऊन येणे, स्वतःच्या नावाचे बँक खाते चालवणे, मोड परत मोजून घेणे, हेही अभ्यासक्रमच. दिव्यांगांना एसटीत ७५ टक्के सवलत आहे, पण आमच्या पाहण्यातली कित्येक मुले एकट्याने एसटीत बसलेलीच नव्हती. पालकांना दुखवण्याचा हेतू नाही. परंतु मायेने घातलेले कुंपणही कुंपणच असते. मुलींच्या बाबतीत तर ते दुहेरी. 'तिचं आता काय करायचं' या वाक्यात तिला काय करायचे आहे, हे कोणी विचारीत नाही.

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. आम्ही तो वस्तू वाटण्यात आणि छायाचित्रे काढण्यात संपताना पाहिला आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काही जण आज सरपंच आहेत, सदस्य आहेत. त्यांनी ग्रामसभेत एवढेच विचारावे, की यातून कोणाला काही शिकवले का.

सरकारी नोकरीची वाट पाहत सर्वांचे आयुष्य निघणार नाही. मंगरूळपीर, कारंजा, वाशिम येथे आपल्या मुलांची गॅरेजे, शिलाईची दुकाने, मोबाइल दुरुस्तीची केंद्रे आहेत. दयेपोटी नव्हे, कामाचे पैसे देऊन एका मुलाला सहा महिने सोबत घ्यावे, असे आम्ही त्यांना सुचवतो. त्या ओसरीवरच्या तरुणासाठी असाच एक माजी विद्यार्थी पुढे आला. आईने पहिला महिनाभर रोज दुकानाबाहेर बसून पहारा दिला. दुसऱ्या महिन्यात तिचे येणे थांबले. सोयाबीनच्या सोंगणीला तिला जावेच लागले.