दोन उंट आणि एक स्मरणिका

अतिशयोक्ती म्हणजे सभ्य भाषेतले खोटे, आणि खोटे बोलणे हा आठव्या आज्ञेचा भंग. तस्मात् ख्रिस्ती लेखकाने तिला लेखणीजवळ फिरकू देऊ नये, असे एक मत आपल्या धर्मग्रामांतून अधूनमधून ऐकू येते. कवितेत कोणी अश्रूंची नदी वाहवली की, “एवढे पाणी डोळ्यांत मावते का?” असा प्रश्न होतो आणि विचारणाऱ्याला सत्याची बाजू राखल्याचे समाधान मिळते. हे मत भाबडे म्हणून सोडून देता आले असते. पण त्यातून दोन अनर्थ होतात. आपले कवी भिऊन सपक लिहू लागतात; आणि खोटे जिथे खरोखर बोकाळले आहे तिकडे कोणाचे लक्षच जात नाही. म्हणून या मताचा समाचार घेणे प्राप्त आहे.

शाळेत अतिशयोक्तीचे उदाहरण म्हणून शिकवले जाणारे दमडीच्या तेलाचे लोकगीत पुष्कळांना आठवत असेल. दमडीचे तेल आणले; त्यात सासूचे न्हाणे झाले, घरच्या पुरुषांचे उरकले, तरी तेल उरले. ते सांडले, त्याचा ओघळ वेशीपर्यंत गेला आणि त्यातून उंट पोहत गेला! हे ऐकून आजवर कोणी त्या उदार वाण्याचा पत्ता विचारलेला नाही. दमडीला किती तेल येते हे गाणारीला ठाऊक आहे आणि ऐकणारीलाही. दोघींना ते ठाऊक आहे म्हणूनच तो उंट पोहू शकतो. तुटपुंज्या पैशांत साऱ्या घराचे भागव, असे जिला रोज ऐकावे लागते, तिचे हे हसतहसत दिलेले उत्तर असावे असे मला वाटते. ‘तेल पुरले नाही’ एवढेच ती म्हणाली असती, तर हिशेब कळला असता. तिची थट्टा आणि तिचा सल मात्र कळला नसता.

आपल्या जुन्या अलंकारशास्त्राने हे मर्म केव्हाच ओळखले होते. दण्डीने ‘काव्यादर्शा’त अतिशयोक्तीला अलंकारांत उत्तम म्हटले आणि लोकमर्यादा ओलांडून केलेले कथन अशी तिची ओळख दिली. मर्यादा ओलांडायची तर ती आधी ठाऊक हवी, बोलणाऱ्यालाही आणि ऐकणाऱ्यालाही. खोटे बोलणारा ती सीमा लपवतो. अतिशयोक्ती करणारा तिच्यावर बोट ठेवून पलीकडे उडी मारतो. दोघांत फरक आहे तो इथे.

आता दुसरा उंट पाहू. तो शुभवर्तमानातला. श्रीमंताचा स्वर्गप्रवेश किती दुर्घट, हे सांगताना प्रभू येशूने उंट आणि सुईचे नेढे एकत्र आणले. संत मत्तय, संत मार्क आणि संत लूक या तिघांनीही हे वचन नोंदवले आहे. तरीही त्या उंटाला लहान करण्याचा उद्योग शतकानुशतके चालू आहे. कोणी म्हणतो, जेरुसलेमच्या तटाला ‘सुईचे नेढे’ नावाचा बुटका दरवाजा होता. ओझे उतरवून गुडघे टेकले की उंट आत जाई. अशा नावाचा दरवाजा त्या काळी होता याला पुरावा मिळालेला नाही. कोणी म्हणतो, मूळ शब्द उंट नसून दोरखंड असावा, कारण ग्रीक भाषेत हे दोन शब्द एका स्वराच्या अंतरावर आहेत. दोरखंड तरी नेढ्यातून कसा जायचा, हे मात्र कोणी सांगत नाही! यहुदी गुरूंच्या तल्मूद ग्रंथात तर नेढ्यातून जाणारा हत्ती आहे. अशक्य गोष्ट सांगण्याची ती त्या मुलखातील रीतच होती.

शिष्यांना ही रीत कळत होती. म्हणून ते थक्क झाले, आणि मग तारण तरी कोणाचे होणार, असे विचारू लागले. त्यांना उत्तर मिळाले ते माणसाच्या अशक्यतेचे आणि देवाच्या सामर्थ्याचे. दरवाजा बुटका असता तर थक्क होण्याजोगे काय होते? उंटाने गुडघे टेकले की काम भागले! अलंकाराला शब्दशः सत्य करू पाहणारा माणूस सत्य वाढवत नाही, ते सोयीचे करून घेतो. इथे सोय कोणाची होते हे सांगायला नको. डोळ्यातले मुसळ, टाळ्या वाजवणाऱ्या नद्या, उड्या मारणारे डोंगर, हे सारे पवित्र शास्त्रातलेच आहे. संत योहानाच्या शुभवर्तमानाची अखेरही अशीच आहे: येशूची सारी कृत्ये लिहायची म्हटली तर ते ग्रंथ जगात मावणार नाहीत. अतिशयोक्ती पाप असेल तर या पानांचे काय करावे, हे आक्षेपकांनी सांगावे.

आपल्या मराठी ख्रिस्ती साहित्याचा उगमही या पापापासून दूर नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. त्यात त्यांनी मराठीची थोरवी गाताना रत्ने, फुले, सुगंध, पक्षी, तारे यांतील श्रेष्ठांच्या रांगाच तिच्यासमोर उभ्या केल्या. भाषांची उंची मोजण्याची फूटपट्टी जगात नाही. तेव्हा हिशेबनिसाच्या दृष्टीने ते सारे निराधार. पण सत्ता पोर्तुगीजांची, आणि हा परदेशी धर्मगुरू इथल्या लोकांच्या भाषेला मान देत होता. पुढे ६८ वर्षांनी, १६८४ साली, व्हाइसरॉयने गोव्यातील स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलावी असे फर्मान काढले. त्या फर्मानाशेजारी ठेवून पाहिली की फादर स्टीफन्स यांच्या अलंकारांत केवढे सत्य होते ते दिसते.

मग खोटे कुठे आहे? ते आपल्या स्मरणिकांत आहे, सत्कारपत्रांत आहे, श्रद्धांजलीच्या लेखांत आहे. तिथे प्रत्येक दिवंगत ‘अजातशत्रू’ असतो, प्रत्येक देणगीदार ‘दानशूर कर्ण’, प्रत्येक सोहळा ‘न भूतो न भविष्यति’. गंमत अशी की कवीच्या अश्रूंचे माप काढणारे सद्गृहस्थच पुष्कळदा हे लिहीत असतात. आचार्य अत्र्यांच्या तोंडी ‘गेल्या दहा हजार वर्षांत’ हे शब्द आले की सभा हसे, कारण सीमा ओलांडली जात आहे हे वक्त्याला आणि श्रोत्यांना दोघांनाही कळत असे. स्मरणिकेत कोणी हसत नाही. तिथे विश्वासाची अपेक्षा असते, किंवा विश्वास ठेवल्याचे सोंग तरी अपेक्षित असते. कसोटी सोपी आहे. लेखातले नाव बदलून पाहावे. तो दुसऱ्या कोणालाही तसाच लागू पडला, तर तो कोणाविषयीच लिहिलेला नाही.

यात हानी आहे ती दिवंगताची आणि नातवंडांची. बदलापूरसारख्या गावात वसई, गोवा, मंगळूर, केरळ अशा ठिकठिकाणांहून कुटुंबे आली. कोण रात्रपाळी करून मुलांना धर्मशिक्षण देत असे, कोण आजाऱ्यांच्या घरी चालत जात असे, कोणी कोणाची फी भरली, हे लिहून ठेवले नाही तर पन्नास वर्षांनी फक्त ‘आधारवड’ उरतील. त्या वडाखाली बसले कोण, हे कोणालाच ठाऊक नसेल.

हेंद्रेपाड्याच्या लोकांना मोठ्या शब्दांची किंमत वेगळी शिकवायला नको. उल्हास नदीचे पाणी वस्तीत शिरते तेव्हा तळमजल्यावरच्या माणसाला ‘पूर’ या शब्दाचे वजन कळते. तोच माणूस सणाच्या वृत्तांतात ‘आनंदाचा महापूर’ आणि ‘गर्दीचा महासागर’ वाचतो आणि पान उलटतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना सोडवावे लागले. या वाक्यांत एकही अलंकार नाही, आणि एकाचीही गरज नाही. वस्तुस्थितीच मोठी असेल तिथे लेखकाने बाजूला उभे राहावे. मोजता येणार नाही असे काही, म्हणजे प्रेम, लाज, भूक, कृपा, सांगायचे असेल तेव्हा मात्र खुशाल उंट पोहू द्यावा.

तेव्हा आपल्या संपादकांना आणि लिहित्या मंडळींना विनंती एवढीच: कवितेतील नदीला बांध घालू नका; स्मरणिकेतील विशेषणांना घाला. माणूस गेला तर त्याने काय केले ते लिहा. आणि प्रवचनात तो उंट पुन्हा भेटला, तर त्याला बुटक्या दरवाजातून आत घेण्याची घाई करू नका. तो तिथे आपली वाट अडवण्यासाठीच उभा आहे.