लॉग गाळलाच पाहिजे

घरच्या सर्व्हरच्या लॉगमधून एकही ओळ गाळू नये असं मानणारा एक पक्ष आहे आणि हल्ली तो फार चढ्या आवाजात बोलतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : प्रत्येक ओळ पुरावा असते, उद्या कोणती लागेल हे आज सांगता येत नाही, डिस्क स्वस्त आहे आणि शोधायची वेळ आलीच तर ग्रेप आहे. म्हणून गाळणी लावणारा माणूस आळशी आणि वर बेजबाबदार. ‘आळशी’ मी सोडून दिलं असतं. ‘बेजबाबदार’ सोडवत नाही, कारण बेजबाबदारपणा नेमका उलट बाजूला आहे.

किरकोळ मुद्दे आधी निकालात काढू. डिस्क स्वस्त आहे, मान्य. पण लॉग वाचणाऱ्या माणसाची संध्याकाळ स्वस्त नाही. ग्रेपला शब्द द्यावा लागतो, म्हणजे काय बिघडलंय हे आधीच ठाऊक असावं लागतं. केंद्र सरकारच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांत १८० दिवस लॉग ठेवायला सांगितलं आहे, हे खरं. पण ते सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्थांसाठी आहे. घरातले फोटो आणि सिनेमे सांभाळणाऱ्या रास्पबेरी पायला त्याचा धाक दाखवण्यात अर्थ नाही.

आता त्यांचा हुकमाचा पत्ता. या वादात कधी ना कधी ७५ सेंटची गोष्ट येतेच. १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगशाळेत संगणकाच्या वापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत आली. खगोलशास्त्र सोडून संगणक सांभाळायला आलेल्या एका माणसाने तिचा पाठपुरावा केला आणि धागा थेट तेव्हाच्या पश्चिम जर्मनीतल्या घुसखोरापर्यंत पोचला. ही गोष्ट सांगून झाली की आमचे प्रतिपक्षी विजयी मुद्रेने विचारतात, ‘पाहिलंत? ७५ सेंट! ती ओळ गाळली असती तर?’

गोष्ट खरी आहे, पण ती त्यांच्या बाजूने साक्ष देत नाही. ७५ सेंट दिसले कसे, हे त्यांनी स्वतःला एकदा तरी विचारायला हवं होतं. तिथे हिशेब ठेवणारे दोन स्वतंत्र प्रोग्रॅम होते आणि दोन्हींची बेरीज जुळणं अपेक्षित होतं. फरक शून्य यायला हवा होता, तो शून्य आला नाही, म्हणून नजर अडकली. त्याच हिशेबात दर महिन्याला ‘हे नेहमीचंच आहे हो’ म्हणून शेदोनशे डॉलरची गडबड सोडून द्यायची पद्धत असती, तर ७५ सेंटकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं. घुसखोर पकडला गेला तो स्वच्छ हिशेबामुळे. पुढचा भाग तर ही मंडळी सांगतच नाहीत. त्या माणसाने एका शनिवार-रविवारी येणाऱ्या टेलिफोन लाइनींवर उसनवारीचे प्रिंटर जोडले, जे जे उमटलं ते वाचलं आणि घुसखोर सापडल्यावर चोरलेली नेमकी खाती हेरणारा पहारा बसवला. त्या खात्यांवर हालचाल झाली की त्याचा पेजर वाजायचा. बाकी सगळी वर्दळ पहाऱ्याने सोडून दिली. आधी सगळं वाचलं, मग गाळलं. मी याहून वेगळं काय सांगतो आहे?

आता हाच हिशेब घरच्या सर्व्हरला लावा. क्रॉनमधलं दर पाच मिनिटांनी धावणारं एकच काम घेऊ. सेशन उघडलं, आज्ञा चालवली, सेशन बंद झालं : अशा तीन ओळी. दिवसातून २८८ वेळा, म्हणजे ८६४ ओळी. घरातला राउटर मल्टिकास्टची चौकशी करतो. त्या प्रोटोकॉलमधला मूळ कालावधी १२५ सेकंदांचा. फायरवॉल ती अडवून प्रत्येक वेळी ‘यूएफडब्ल्यू ब्लॉक’ अशी नोंद करत असेल, तर दिवसाला सुमारे ६९१ ओळी. दीड हजाराहून जास्त ओळी झाल्या आणि अजून काहीही घडलेलं नाही. त्यातच स्मार्टडी सांगत असतो की डिस्कवरचा एक सेक्टर वाचता येत नाही. तो अर्ध्या तासाने तपासतो, म्हणजे दिवसभरात फार तर ४८ वेळा सांगेल. मुलीच्या लहानपणचे फोटो ज्या डिस्कवर आहेत ती डिस्क मरायला टेकली आहे आणि ते सांगणाऱ्या ४८ ओळी राउटरच्या बडबडीखाली गाडल्या गेल्या आहेत. याला पुरावा जपणं म्हणायचं?

शिवाय सगळं ठेवा म्हणणाऱ्यांकडेही सगळं राहत नसतंच. सिस्टमडीचं जर्नल मुळात फाइलसिस्टिमच्या दहा टक्के जागा घेतं, जास्तीत जास्त चार जीबी. ती भरली की सगळ्यात जुन्या नोंदी जातात. म्हणजे आजची निरर्थक ओळ तीन महिन्यांपूर्वीच्या अर्थपूर्ण ओळीला बाहेर ढकलते. तुम्ही गाळणी लावली नाहीत, तर यंत्र वयाप्रमाणे गाळतं आणि वयाचा महत्त्वाशी काही संबंध नसतो.

हा हट्ट मला नवा नाही. जर्नल बायनरी स्वरूपात आलं तेव्हा हीच मंडळी साध्या मजकुराच्या फाइलसाठी तलवारी उपसून उभी होती : लॉग माणसाला डोळ्यांनी वाचता आला पाहिजे! तेव्हा मी त्यांच्या बाजूला होतो आणि त्या तत्त्वावर आजही आहे. पण डोळ्यांनी वाचता यावा म्हणून भांडायचं आणि मग कुणाच्याच डोळ्यांना पेलणार नाही इतका तो वाढू द्यायचा, हे मला समजत नाही. २०२३ साली डेबियनने बाराव्या आवृत्तीपासून साध्या मजकुराच्या फाइल लिहिणारं आरसिसलॉग आपोआप बसवणं थांबवलं, तेव्हा पुन्हा तेच रडगाणं झालं. एका आज्ञेत बसवता येणाऱ्या गोष्टीसाठी!

तर मग गाळायचं कसं? पातळी पाहून नव्हे, हे पहिलं. ‘वॉर्निंगच्या खालचं सगळं फेका’ हा सल्ला घातक आहे. एसएसएचमधून कुणी यशस्वीपणे आत आलं, ही नोंद साध्या ‘इन्फो’ पातळीवर होते आणि ती फेकणं म्हणजे दाराकडे पाठ करून बसणं. एकट्या शब्दावरूनही गाळू नये. प्रोग्रॅमचं नाव आणि जवळजवळ पूर्ण वाक्य, दोन्ही जुळलं तरच ओळ जावी. आवाज उगमापाशीच बंद करता येत असेल तर आधी तिथे करावा. राउटरच्या त्या पॅकेटसाठी फायरवॉलमध्ये नोंद न करणारा नियम लिहिणं हे नंतर ओळ पुसण्यापेक्षा बरं. आरसिसलॉगमध्ये ‘स्टॉप’चा नियम नेहमीच्या नियमांच्या आधी यावा लागतो, म्हणून उबुंटूवर त्या फाइलच्या नावापुढे ५०पेक्षा लहान आकडा द्यावा. प्रत्येक नियमाच्या डोक्यावर तारीख आणि कारण लिहावं. ठेवायचं सगळं पण वाचायचं गाळून, असं हवं असेल तर लॉगचेक आहे : ओळखीच्या ओळी वगळून उरलेल्या तो मेलने पाठवतो.

लाईट गेल्यावर ‘जर्नल नीट बंद झालं नव्हतं’ अशी ओळ येते, ती मात्र मी गाळत नाही. इन्व्हर्टरने दगा दिला हे मला तिच्यातूनच कळतं.

नेमका नियम एक दिवस मोडतो, असा आक्षेप येईल. मोडतोच. क्रॉनच्या सेशनच्या ओळीत नावापुढे कंसातला यूआयडी आला, तेव्हा जुन्या नमुन्यांवर बेतलेले नियम निकामी झाले आणि ओळी पुन्हा वाहू लागल्या. नमुना असाच मोडायला हवा : ओळ बदलली की ती परत समोर येते आणि मी नियम नव्याने तपासतो. ‘क्रॉन’ एवढाच शब्द गाळणाऱ्याला हा बदल कधी कळलाच नसता, आणि काहीच न गाळणाऱ्यालाही नाही.