गोळी सोडून पावडर कशाला?

यंदाच्या वर्षावासात आम्ही दोन विहारांत रक्तदाब तपासला. घरकाम करणाऱ्या एका उपासिकेचा दाब 170/100 निघाला. गोळी दोन महिन्यांपासून बंद. पिशवीतून तिने डबा काढला, "ताई, ह्यात अँटिऑक्सिडंट हाय. गोळी लागत न्हाय म्हनल्या." किंमत अडीच हजार. विकणारी आपल्याच वस्तीतली, आणि तीही साखळीत फसलेली.

डब्यावरचे अर्धे खरे असते, म्हणून तो खपतो. रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायू असतो आणि आत पेशींचे पातळ अस्तर. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू बनवते, त्याने स्नायू सैल पडतो. 1998 चे वैद्यकाचे नोबेल याच शोधाला मिळाले. उलट बाजूला आवळणारी हार्मोन्स. त्यातले अँजिओटेन्सिन फार लबाड. ते स्नायू आवळतेच, शिवाय भिंतीत सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा उपद्रवी प्रकार तयार करवते आणि तो नायट्रिक ऑक्साइडला गाठून निकामी करतो. म्हणजे आवळणाराही हाच, सैल करणाऱ्याचा काटा काढणाराही हाच! बाईला पाळी असेपर्यंत इस्ट्रोजेन नायट्रिक ऑक्साइड बनवायला हातभार लावते. पाळी गेली की तो आधार कमी होतो. आमच्या रांगेत पन्नाशीच्या बायाच जास्त होत्या, त्यात नवल नाही.

मग अँटिऑक्सिडंट खाऊन का भागत नाही? कारण सुपरऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड इतक्या झपाट्याने भिडतात की जीवनसत्त्व मध्ये पडेपर्यंत सगळे उरकलेले असते. नऊ हजारांहून जास्त रुग्णांवर 'ई' जीवनसत्त्वाची मोठी चाचणी झाली, तिचे निकाल 2000 साली आले. हृदयविकार, पक्षाघात काहीही कमी झाले नाही. टेल्मिसार्टनसारखी गोळी मात्र अँजिओटेन्सिनला पेशीच्या दारातच अडवते. (गरोदरपणात ही चालत नाही, डॉक्टरांना आधी सांगावे.) अम्लोडिपिन वेगळ्या वाटेने स्नायू सैल करते. दोन्ही स्वस्त. गोळी मनाने बंद करून पक्षाघात झालेली माणसे आम्ही वॉर्डात कूस बदलून दिली आहेत, म्हणून एवढ्या तळमळीने लिहितो.

आता थोडे कडू. दारूला शिवत नाही असे अभिमानाने सांगणाऱ्या कितीतरी बाया सकाळी मिशेरी लावतात. मिशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातले निकोटीन ॲड्रेनॅलिन, नॉरॲड्रेनॅलिन वाढवते आणि वाहिन्या आवळतात. पाचवे शील बाटलीपाशीच का थांबावे? मिठाचेही तेच. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, ही मर्यादा. सुकट, पापड, लोणचे एका ताटात आले की ती कधीच ओलांडलेली असते.

पण सगळा दोष बाईच्या माथी मारणे आम्हाला मान्य नाही. त्या उपासिकेला आम्ही सरकारी दवाखान्यात नेले. गोळ्या मिळाल्या, दहा दिवसांच्या. दर दहा दिवसांनी खाडा कोण सोसणार? डबेवाली दारात येते, दवाखाना येत नाही. दाब आटोक्यात असलेल्याला महिन्याच्या गोळ्या एकदम द्याव्यात, हे निवेदन आम्ही तयार केले आहे. विहार समित्यांनी त्यावर सह्या द्याव्यात, आणि विहाराच्या आवारात डब्यांची विक्री याच महिन्यापासून बंद करावी.