लावा थोडी, जगवा सगळी : पांढुर्णा-सौसरकरांना आवाहन



मृग नक्षत्र तोंडावर आले आहे. पहिला पाऊस पडला की दरवर्षीप्रमाणे रोपांनी भरलेल्या गाड्या गावात येतील, हार-तुरे होतील, फोटो निघतील. पुढच्या होळीला त्याच खड्ड्यांत वाळलेल्या काड्या दिसतील. कोणी विचारले तर उत्तर ठरलेले आहे : ‘झाडं लावले होते, ढोरायनं खाल्ले.’ यंदा हे उत्तर द्यायची वेळ येऊ नये असे वाटत असेल, तर पावसाची वाट पाहून चालणार नाही. कामाला याच आठवड्यात लागावे लागेल.

एवढी घाई कशासाठी, ते आधी सांगतो.

आपला सगळा भाग संत्र्यावर आणि कपाशीवर उभा आहे. अंबिया बहाराची फळे मे महिन्यात बोरा-लिंबाएवढी असतात. नेमकी तेव्हाच पश्चिमेकडून झळा सुरू होतात, पारा 45 च्या घरात जातो आणि फळगळ लागते. मृग बहारासाठी झाडाला ताण दिलेला असतो. पाऊस लांबला की तोही बहार हातचा जातो. शेजारच्या नागपुरात 23 मे 2013 रोजी 47.9 अंश तापमान नोंदले गेले. त्यानंतर वर्षही उलटले नव्हते, तोच 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ आणि मध्य प्रदेशात गारपिटीने उभी पिके झोडपली. एका वर्षाच्या आत ऊन, पाऊस आणि गारा यांनी आपला जुना क्रम सोडल्याचे आपण पाहिले. शेतकऱ्याला हे कोणी शिकवायची गरज नाही, त्याची बागच त्याला रोज सांगते.

यावर आपण आजवर एकच उपाय केला : आणखी एक बोअर. पण आपल्या पायाखालची जमीन बघा. पांढुर्ण्याकडे काळा कातळ आहे. सौसरकडे मँगनीजवाल्या जुन्या खडकांचे पट्टे आहेत. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत त्या खडकांना ‘सौसर समूह’ असेच नाव आहे. दोन्ही खडक टणक. त्यांच्यात पाणी साठते ते फक्त वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. त्या भेगा भरल्या नाहीत, तर तीनशे फूट गेले काय आणि आठशे फूट गेले काय, हाती धूळच लागते. वर्धा नदीपलीकडच्या वरूड-मोर्शीने हा धडा आपल्या आधी घेतला. संत्र्याने तो मुलूख श्रीमंत केला आणि त्याच संत्र्यासाठी झालेल्या बेसुमार उपशाने त्याला भूजलाच्या ‘डार्क झोन’मध्ये नेले. वाळलेल्या बागांवर कुऱ्हाड चालवायची पाळी तिथल्या शेतकऱ्यांवर आली. आपल्याकडेही तोच खडक, तेच पीक आणि तीच सवय आहे. म्हणून त्यांचे आज ते आपले उद्या ठरू शकते.

बोअर पाणी तयार करत नाही, फक्त उपसतो. पाणी तयार होते टेकडीच्या उतारावर, नाल्याच्या काठावर आणि पडीत. तिथे झाड-झुडूप-गवत असेल तर पावसाचा थेंब पानावर पडतो, पाचोळ्यात थांबतो आणि मुळांच्या वाटेने खाली उतरतो. उतार बोडका असेल तर तोच थेंब माती घेऊन नाल्यात जातो, नाला जामला मिळतो, जाम कन्हानला, आणि आपले पाणी व आपली माती एकाच दिवसात जिल्ह्याबाहेर पडतात. झाडांनी गारा थांबत नाहीत, हे खरे आहे. पण झळा अडतात, ओल टिकते, विहिरीचे पाणी काही दिवस जास्त पुरते. बागायतदाराला तेवढेच दिवस हवे असतात.

झाडे लावण्याचा उत्साह आपल्या राज्यात कधीच कमी नव्हता. 2 जुलै 2017 रोजी नर्मदेच्या खोऱ्यात एका दिवसात 6 कोटींहून अधिक रोपे लावल्याचा विक्रम जाहीर झाला. त्यातली किती खरोखर लागली आणि किती जगली, यावर पुढे अनेक महिने वाद चालला. महाराष्ट्रातही 2019 मध्ये 33 कोटींचे उद्दिष्ट ठरले आणि त्यावरही चौकशीची मागणी झाली. भारताने 2030 पर्यंत 2 कोटी 60 लाख हेक्टर उजाड जमीन सावरण्याचा शब्द जगाला दिला आहे. तो शब्द दिल्लीने दिला असला तरी पाळायचा आहे आपल्या गावाच्या पडीत, आणि विक्रमाच्या आकड्यांनी तो पाळला जाणार नाही.

मग कशाने पाळला जाईल? लांब जायला नको. अमरावती जिल्ह्यात मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर नावाचे छोटे कोरकू गाव आहे. गावाशेजारची टेकडी उघडी पडली होती. वनहक्क कायद्याखाली गावाला त्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभेने चराई आणि कुऱ्हाड यांच्यावर स्वतःच बंधने घातली, रोजगार हमीतून चर खोदले, झाडे लावली आणि राखली. पुढे त्या टेकडीवरची सीताफळे ग्रामसभेने स्वतःच्या नावाने बाजारात विकली. 2014 मध्ये या गावाला राष्ट्रीय पातळीवरचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. पायविहीरकडे काही आपल्यापेक्षा जास्त पैसा नव्हता. ग्रामसभेत ठरलेली गोष्ट पाळायची, एवढे मात्र त्यांच्याकडे होते.

आपल्याला करायचे आहे ते एवढेच. प्रत्येक ग्रामसभेने मृगाआधी पाच गोष्टी ठरवाव्यात, अशी कळकळीची विनंती आहे.

1. जागा एकच निवडा. गावभर विखरून शंभर ठिकाणी रोपे लावली तर राखण अशक्य होते. नाल्याचा उगम, तलावाच्या वरचा उतार किंवा गावाची एखादी टेकडी घ्या. जमीन वनखात्याची असेल तर आधी वन समितीमार्फत परवानगी काढा. उतारावर प्रथम समतल चर खोदा; आधी पाणी थांबवायचे, मग रोप लावायचे. तीन-तीन मीटरवर खड्डे घेतले तर एका हेक्टरात हजार-अकराशे रोपे बसतात. पहिल्या वर्षी बहुतेक गावांना अर्धा हेक्टरही पुष्कळ झाला.

2. खड्डे आताच घ्या. दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. खड्डा उन्हात तापू द्या, म्हणजे त्यातली कीड मरते. नंतर वरची माती आणि कुजलेले शेणखत घालून भरा. पहिल्या सरीला रोप लावायची घाई करू नका; दोन-तीन चांगले पाऊस होऊन ओल खाली गेली की लावा.

3. जमीन जे स्वतः उगवते आहे ते आधी वाचवा. आपल्या पडीत पळस, तेंदू, साग, धावडा यांची खुंटे मेलेली नाहीत. दर पावसाळ्यात त्यांना फुटवे येतात आणि दर हिवाळ्यात ढोरे ते खातात. दोन-तीन वर्षे चराई थांबवली तर मुळे आधीपासून खोल असलेली ही झाडे विकतच्या रोपापेक्षा लवकर उभी राहतात, आणि त्यांना टँकर लागत नाही. चराई सगळीकडे बंद करू नका, नाहीतर गुराख्याशी भांडण ठरलेले. एक तुकडा राखा, बाकीचा मोकळा ठेवा, राखलेल्या तुकड्यातले गवत कापून नेण्याचा पहिला हक्क गुरे असलेल्या घरांना द्या.

4. आग थांबवा. मार्चमध्ये मोह वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो. तेंदूला कोवळी पाने फुटावीत म्हणून आग लावली जाते. धुऱ्यावरचे गवतही आपण काडी लावून मोकळे करतो. या आगीत मोठे झाड वाचते, पण त्याच्या पायाशी उगवलेली सगळी पिढी जळते. आज मोहाची झाडे म्हातारी दिसतात आणि तरणी दिसत नाहीत, याचे हे एक मोठे कारण आहे. पाचोळा खराट्याने झाडा, जुने लुगडे किंवा जाळी अंथरा आणि फुले वेचा. राखलेल्या तुकड्याभोवती फेब्रुवारीतच जाळपट्टा साफ करून ठेवा.

5. पाण्याचा हिशेब लिहून काढा. एका रोपाला आठवड्याला 10 लिटर धरा. फेब्रुवारी ते मध्य जून हे साधारण 20 आठवडे, म्हणजे रोपामागे 200 लिटर. 500 रोपांना 1 लाख लिटर, म्हणजे 5,000 लिटरचे 20 टँकर. हे पाणी कोण देणार, कोणत्या विहिरीवरून देणार, टँकर कोण ओढणार, ही नावे आज ठरली नसतील तर 500 चा आकडा खोडून 100 करा. शंभर जगलेली झाडे पाचशे मेलेल्यांपेक्षा गावाला जास्त शोभतात. बुडाशी पाचोळ्याचे आच्छादन आणि शेजारी पुरलेले मडके असेल तर पाणी आणखी कमी लागते.

झाड कोणते लावायचे, हे जागा सांगते. नाल्याकाठी अर्जुन, करंज, जांभूळ, उंबर आणि बांबू माती धरून ठेवतात. टेकडीवर मोह, चारोळी, आवळा, बेहडा, सालई आणि सीताफळ टिकतात व चार पैसेही देतात. बागेच्या पश्चिमेच्या धुऱ्यावर करंज, कडुनिंब, बांबू यांची दाट रांग झळा अडवते. धुऱ्यावरच्या झाडाची सावली कपाशीला मारते, ही तक्रार खरी आहे. म्हणून भर शेतात नको, नाल्याच्या आणि रस्त्याच्या कडेचे धुरे निवडा आणि फांद्या छाटत राहा. लवकर वाढते म्हणून सुबाभूळ आणि निलगिरीच्या मागे लागू नका. आणि चांगले गवत असलेल्या कुरणात खड्डे घेऊ नका. ते कुरण गावाच्या गुरांची पोटापाण्याची जागा आहे, ती उजाड जमीन नव्हे.

आता काही जणांशी थेट बोलायचे आहे.

पांढुर्णा आणि सावरगावच्या तरुणांनो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जामच्या पात्रात पळस उभा राहतो आणि त्याच्यावरचा झेंडा मिळवण्यासाठी दोन्ही काठ जिवाची बाजी लावतात. ती जिद्द सगळ्या देशाने पाहिली आहे आणि तिच्यापायी फुटलेली डोकीही पाहिली आहेत. त्याच जिद्दीतला थोडा वाटा नदीला द्या. पांढुर्ण्याने आपला काठ घ्यावा, सावरगावने आपला. दोघांनी सारखीच झाडे लावावीत. पुढच्या पोळ्याला चंडीमातेसमोर मोजणी व्हावी आणि ज्या काठावर जास्त झाडे जिवंत, तो काठ जिंकला.

जामसावळीला येणाऱ्या भाविकांनो, तुमचा मारुतीराया पिंपळाखाली विसावलेला आहे. नवस फेडताना नारळासोबत एका रोपाच्या वर्षभराच्या पाण्याची जबाबदारी घ्या. रोप आणणारे पुष्कळ भेटतात, पाण्याची जबाबदारी घेणारा क्वचित भेटतो.

बचत गटाच्या ताईंनो, रोपवाटिका तुमच्याच हातची असावी. मोह, जांभूळ, कडुनिंब यांचे बी पावसाच्या तोंडावरच पडते आणि फार दिवस टिकत नाही. ते ताजे वेचा आणि लगेच पिशव्यांत लावा. यंदाच्या लागवडीला बाहेरची रोपे घ्यावी लागतील, पण पुढच्या वर्षी ती तुमच्याकडून विकत घेतली जावीत असा ठराव ग्रामसभेत आजच मांडा.

गुरुजनहो, मुलांना एका दिवसासाठी रांगेत उभे करू नका. पाचवीतल्या मुलाकडे एक झाड द्या आणि तो आठवीत जाईपर्यंत दर महिन्याला त्याची उंची वहीत लिहून घ्या.

नागपूरकरांनो, तुम्हालाही हे लागू आहे. कन्हानचे पाणी तुमच्या नळाला येते आणि त्या नदीचे वरचे खोरे आमच्या टेकड्यांत आहे. इथून नोकरीसाठी तिकडे गेलेली मुले हजारोंनी आहेत. त्यांनी सणाला गावी येताना आपल्या गावाच्या टँकरचा खर्च उचलावा.

आणि प्रशासनाला विनंती. आपला जिल्हा 2023 मध्ये झाला, अजून कोवळा आहे. लक्ष्य द्या, पण लावलेल्या रोपांचे देऊ नका. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती झाडे जिवंत आहेत, एवढाच आकडा ग्रामपंचायतीकडून मागा आणि तो पंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्या. राखणीची मजुरी तीन वर्षे द्या. पहिल्याच वर्षी राखणदार काढून टाकला तर रोपांवर केलेला सगळा खर्च मातीत जातो.

झाड लावणे एका सकाळचे काम आहे, जगवणे तीन उन्हाळ्यांचे. ज्या गावाची तीन उन्हाळ्यांची तयारी नाही, त्याने यंदा रोपे आणूच नयेत. नुसती चराई आणि आग थांबवावी, तेवढ्यानेही टेकडी हिरवी होऊ लागेल. ज्या गावाची तयारी आहे, त्याने मृगाआधी ग्रामसभा बोलवावी. त्या सभेला या, जागा ठरवा, आणि राखणदारांच्या यादीत आपले नाव आपल्या हाताने लिहा.