‘तुम्ही बसा’चे दुष्परिणाम

एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. या हिशेबाने हजार पौर्णिमा पूर्ण व्हायला २९,५३० दिवस, म्हणजे सुमारे ८० वर्षे आणि १० महिने लागतात. सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा ऐंशी ओलांडल्यावर का करतात, याचे उत्तर या साध्या गुणाकारात आहे. आयुर्मान वाढले, तसा हा सोहळा आपल्या घरात पाहण्याचे भाग्यही अधिक कुटुंबांच्या वाट्याला येऊ लागले.

सोहळ्याचे चित्र बहुतेकांच्या परिचयाचे आहे. मंगल कार्यालय, मधोमध सजवलेली खुर्ची, तिच्यात नवी पैठणी नेसलेल्या आजी. सकाळी होम, मग एक्क्याऐंशी दिव्यांनी औक्षण, गुळाची तुला, फोटो. साऊंड सिस्टीम जोरात. पाया पडायला रांग. प्रत्येक जण ‘‘ओळखलं का?’’ असे विचारतो आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे सरकतो. उत्सवमूर्ती मात्र सकाळी नऊपासून एकाच जागी. त्या जरा उठू लागल्या की चारही बाजूंनी आवाज येतो, ‘‘आजी, तुम्ही बसा. काय हवं ते आम्ही आणून देतो.’’

हे वाक्य प्रेमातून येते, याबद्दल शंका नाही. अडचण अशी, की ते त्या एका दिवसापुरते राहत नाही. अनेक घरांत ते वृद्धापकाळाचे धोरणच होऊन बसते आणि आरोग्याच्या दृष्टीने ते महागात पडते.

एखाद्या घरातला क्रम साधारण असा असतो. आजोबांचा पाय न्हाणीघरात घसरतो. हाड मोडत नाही, पण घरचे धास्तावतात. आधी संध्याकाळचा कट्टा बंद होतो, कारण परतताना अंधार पडतो. मग मंडईत जाणे थांबते. भाजी आता मोबाइलवरून मागवता येते आणि दहा-पंधरा मिनिटांत दारात येते. पुढे लग्नकार्याला नेणे टाळले जाते, कारण प्रवास झेपणार नाही. वाचनालयाचे पुस्तक नातू बदलून आणतो. यातला प्रत्येक निर्णय सुटा पाहिला तर शहाणपणाचा वाटतो. मात्र वर्षभरात आजोबांचे जग खाट, खुर्ची आणि टीव्ही एवढ्यावर येते. मग घरात चर्चा सुरू होते, ‘‘बाबा हल्ली फार खचले.’’

ते नुसत्या वयाने खचलेले नसतात. २००७ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा पण बोलका अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी ६७ वर्षे वयाच्या १२ निरोगी व्यक्तींना दहा दिवस पूर्णवेळ अंथरुणात ठेवण्यात आले. त्या दहा दिवसांत त्यांच्या पायांचे चरबी वगळून मोजलेले वजन जवळपास एक किलोने घटले. पायांची ताकदही कमी झाली. खुर्चीत बसून राहणे म्हणजे अंथरुणाला खिळणे नव्हे, हे खरे. पण वाट तीच आहे, फक्त वेग कमी. स्नायू न वापरल्यास तरुणांचेही झिजतात. उतारवयात ते लवकर झिजतात आणि भरून यायला जास्त वेळ लागतो. म्हणजे पडू नये म्हणून बसवून ठेवलेला माणूस पुढच्या वेळी पडण्याची शक्यताच वाढते.

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस याच्या नेमकी उलट दिशेची आहे. पासष्टीपुढच्या व्यक्तींनीही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल व ताकद टिकवणारे व्यायाम करावेत, असे ती सांगते. तोल सुधारण्याच्या व्यायामांमुळे पडण्याचे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी घटते, हा शंभरहून अधिक चाचण्यांचा एकत्र आढावा घेऊन २०१९ मध्ये काढलेला निष्कर्ष आहे. एकदा पडल्यानंतर हालचाल बंद करणे हे उत्तर नाही. दृष्टी तपासणे, झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांनी चक्कर येते का हे डॉक्टरांना विचारणे, घसरत्या चपला बदलणे, न्हाणीघरात धरायला दांडी बसवणे आणि मग पुन्हा बाहेर पडणे, हे उत्तर आहे.

स्नायूंचा हिशेब निदान मोजता येतो. बाहेर पडण्यातून मेंदूला काय मिळते, हे सहसा लक्षातच येत नाही. मंडईतली एक फेरी घ्या. कोणती भाजी घरात आहे हे आठवायचे, मेथीची जुडी हातात घेऊन पारखायची, भाव ऐकायचा, घासाघीस करायची, सुट्ट्या पैशांचा हिशेब मनात करायचा, वाटेत भेटलेल्याचे नाव आठवायचे, रस्ता ओलांडताना रिक्षाचा अंदाज घ्यायचा. स्मरणशक्ती, लक्ष, आकडेमोड, तोल, संभाषण या सगळ्यांना एका तासात काम मिळते. तेच काम मोबाइलवर दुसऱ्याने केले, की भाजी येते. बाकी सगळे जाते.

छंदांचेही तसेच. ‘नेचर मेडिसिन’मध्ये २०२३ साली १६ देशांतील, ६५ वर्षे व त्यापुढील ९३ हजारांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. छंद असलेल्यांमध्ये नैराश्याची लक्षणे कमी होती आणि आयुष्याबद्दलचे समाधान अधिक होते. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात पंचाहत्तरीपुढच्या ४६९ जणांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य करणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. इंग्लंडमध्ये सहा हजारांहून अधिक व्यक्तींचा १४ वर्षे मागोवा घेतला गेला. दर काही महिन्यांनी नाटक, संगीताचा कार्यक्रम किंवा संग्रहालय पाहायला जाणाऱ्यांमध्ये त्या काळातील मृत्यूचा धोका, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत ३१ टक्के कमी होता.

इथे एक सावधगिरी हवी. नाटकाला गेल्याने आयुष्य वाढते, असे हे आकडे सिद्ध करत नाहीत. ज्यांची तब्येत बरी, खिशात पैसे आणि सोबतीला माणसे, तेच नाटकाला जातात. संशोधकांनी या फरकांचा हिशेब धरला, तरी तो पूर्णपणे धरता येत नाही. शिवाय स्मृतिभ्रंशाचे निदान होण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून माणूस हळूहळू हालचाल आणि गाठीभेटी कमी करू लागतो, असेही दिसले आहे. म्हणजे घरात बसणे हे काही वेळा आजाराचे कारण नसून त्याची पहिली खूण असते. म्हणूनच एखाद्याने वर्षानुवर्षांचे भजनी मंडळ अचानक सोडले, तर ‘‘वय झालं’’ म्हणून सोडून न देता कान, डोळे, मनःस्थिती आणि स्मरणशक्ती तपासून घेणे शहाणपणाचे.

त्यातही कान. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता किंवा कमी करता येण्याजोगे १४ धोके मांडले. ते सगळे आटोक्यात आणता आले, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल, असा या आयोगाचा अंदाज आहे. कमी ऐकू येणे, कमी दिसणे, शारीरिक निष्क्रियता, नैराश्य आणि सामाजिक एकटेपणा हे पाचही त्या यादीत आहेत. ते अनेकदा हातात हात घालून येतात. ऐकू येत नाही म्हणून माणूस गप्पांत मागे पडतो, चुकीचे उत्तर दिल्यावर लोक हसतात, मग तो जाणेच टाळतो. घरचे म्हणतात, ‘‘त्यांना आता गर्दी आवडत नाही.’’ खरे तर त्यांना गर्दीत काही समजत नसते.

आता पुन्हा त्या मंगल कार्यालयाकडे. सोहळा ही आजी-आजोबांना सर्वाधिक माणसे भेटण्याची संधी असते, पण त्याची आखणी बहुधा बाकीच्यांच्या सोयीने होते. होम लांबतो, पंगत अडीचला बसते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीला जेवण असे लांबले तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. लघवी वाढवणारी गोळी असलेल्या आजी प्रवासाच्या दिवशी ती गुपचूप गाळतात, कारण कार्यालयातले स्वच्छतागृह जिना उतरून तळमजल्यावर आहे. गोळी आपल्या मनाने गाळण्याऐवजी तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना आधी विचारता येते. पण त्यासाठी कोणीतरी आजींना आधी विचारायला हवे.

दुसरी गोष्ट विधींची. उतारवयात विधवा स्त्रियांचे प्रमाण मोठे असते. घरच्याच कार्यात अशा आजींना औक्षणाच्या वेळी मागे उभे राहावे लागते, हळदीकुंकवाला बोलावणे येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. तो सामाजिक सुधारणेचा ठराव म्हणून गाजला. तो आरोग्याचाही ठराव आहे. गर्दीत असूनही वगळले जाणे हा एकटेपणाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ च्या अहवालात जगातील सहापैकी एक व्यक्ती एकटेपणा अनुभवते, असे म्हटले आहे. अशा माणसांत भरल्या घरातलेही कितीतरी असतात.

सोहळा मोठा असावा की छोटा, हा प्रश्न दुय्यम आहे. त्यात ज्येष्ठांना काही करायला आहे का, हा खरा प्रश्न. १९७६ साली अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातल्या एका वृद्धाश्रमात एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. एका मजल्यावरच्या रहिवाशांना सांगितले, की खोली कशी लावायची, चित्रपट कोणत्या दिवशी पाहायचा हे तुम्ही ठरवा. आणि एक रोप निवडून त्याची निगा तुम्हीच राखा. दुसऱ्या मजल्यावर सांगितले, की तुमची सगळी काळजी कर्मचारी घेतील. रोप त्यांनाही दिले, पण पाणी परिचारिका घालणार होत्या. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरचे लोक अधिक आनंदी, सतर्क आणि हिंडतेफिरते आढळले. प्रयोग लहान आणि जुना आहे, त्यावर फार मोठे इमले बांधू नयेत. पण दुसऱ्या मजल्याला जे सांगितले गेले, ते ओळखीचे वाटावे: तुम्ही बसा.

म्हणून वाढदिवसाचा बेत ठरवताना पहिला प्रश्न ज्याचा वाढदिवस आहे त्याला विचारावा. कोणाला बोलवायचे? काय रांधायचे? कदाचित उत्तर येईल, की तीनशे माणसे नकोत. शाळेतल्या तीन मैत्रिणी तेवढ्या आणा. पुरणपोळ्या लाटणे झेपत नसेल, तर पुरण शिजले की नाही हे बोटाने पाहून सांगणे झेपते. पत्रिकेचा मजकूर तपासणे, नातवंडांना जुन्या फोटोंतली माणसे ओळखून देणे, आहेर कोणाला काय द्यायचा हे ठरवणे, ही बसून करायचीही कामे आहेत. हात असलेली, फार खोल नसलेली खुर्ची, जवळ स्वच्छतागृह, मध्येच आडवे व्हायला शांत खोली, वेळेवर जेवण आणि गप्पांच्या वेळी बंद स्पीकर, एवढी तयारी पुरते. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेल तर कार्यक्रम सकाळचा, माणसे थोडी. आणि ‘‘ओळखलं का?’’ या परीक्षेऐवजी ‘‘मी सुनंदाचा मुलगा’’ असे स्वतःच सांगावे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. हे सगळे करायचे कोणी? मुलगा-सून दोघेही नोकरीला, किंवा मुले परदेशी. आजीला भजनाला सोडायचे म्हणजे कोणाची तरी रजा, आणि बहुतेक घरांत ती सुनेचीच. त्यामुळे हा भार एकट्या कुटुंबावर टाकून चालणार नाही. गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळे, वाचनालये ही यासाठीची तयार व्यवस्था आहे. शेजारच्या दोन ज्येष्ठांनी एकत्र रिक्षा केली तर सोबतही मिळते आणि खर्चही वाटला जातो. शासनानेही एक पाऊल टाकले आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. पण तिकीट माफ झाले तरी गाडीची उंच पायरी, स्थानकावरचे स्वच्छतागृह आणि तिथपर्यंतचा उखडलेला पदपथ आडवा येतोच. दर काही अंतरावर एक बाक आणि चालण्याजोगा पदपथ हा औषधाइतकाच आरोग्याचा खर्च मानायला हवा.

सगळ्या ज्येष्ठांना हिंडायची हौस असते असे नाही. कोणाला एकट्याने शब्दकोडे सोडवण्यात रस असतो, कोणाला गुडघे खरोखरच साथ देत नाहीत, कोणाला त्या दिवशी नको असते. नको म्हणण्याचा हक्कही त्यांचाच. फक्त ते ‘नको’ त्यांचे असावे, घरच्यांच्या भीतीतून आलेले नसावे.

बाहेर पडण्यात धोका आहे, यात वाद नाही. पण घरी बसवण्यातही धोका आहे. तो आवाज न करता येतो, एवढाच फरक. तेव्हा उद्या सकाळी आजोबा पिशवी घेऊन दाराशी आले, तर ‘‘तुम्ही बसा’’ म्हणण्याआधी चष्मा, चप्पल, काठी आणि खिशातला फोन नंबर एवढे पाहून घ्यावे. आणि कोथिंबीरही आणायला सांगावी.