उसातील ‘एआय’: बारामतीत जमले, बिद्रीत टिकेल का?

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या तंत्रज्ञानाच्या मदतीने उसात ‘एआय’चा प्रयोग केला. 2025 मध्ये सत्या नाडेला यांनी त्याचा व्हिडिओ शेअर केला. जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर करून 500 कोटींची तरतूद केली. आता प्रश्न आहे बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा कारखान्याच्या पट्ट्यासारख्या भागाचा. देखरेखीखालचा प्रयोग साध्या शेतकऱ्याच्या रानात भरवशाचा कसा होणार?

तंत्र काय आहे?
सेन्सर जमिनीतील ओलावा मोजतो, हवामान केंद्र पाऊस-वारा नोंदवते, उपग्रह पिकाचा हिरवेपणा टिपतो. त्यावरून पाणी आणि खताचा सल्ला मोबाइलवर येतो.

अडचण 1: तुकड्यांची शेती
‘सेंटिनेल-2’ या युरोपीय उपग्रहाचे मोफत चित्र 10 मीटरच्या चौकोनांचे असते. एक चौकोन म्हणजे जवळपास एक गुंठा. दहा गुंठ्यांच्या रानावर जेमतेम दहा चौकोन पडतात. त्यातही काठावरच्या चौकोनांत बांध आणि शेजाऱ्याचे पीक मिसळते.

अडचण 2: ढग
हा उपग्रह ढगांपलीकडचे पाहू शकत नाही. आडसालीची लावण नेमकी पावसाळ्यात असते. रडार उपग्रहाला ढग आडवे येत नाहीत, पण तो हिरवेपणा दाखवत नाही.

अडचण 3: दीड वर्षाची परीक्षा
आडसाली ऊस दोन पावसाळे पाहतो. सेन्सरलाही तेवढे टिकावे लागेल. काळी जमीन वाळून भेगाळली की सेन्सरभोवती पोकळी तयार होते आणि आकडा चुकतो. नदीकाठी 2019 आणि 2021 सारखा महापूर आला, तर यंत्रच पाण्याखाली जाईल.

मग करायचे काय?
मोबाइल ॲप बिघडले तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त होते. चुकलेला हंगाम परत येत नाही. म्हणून माळ आणि नदीकाठ, ठिबक आणि पाटपाणी अशा वेगवेगळ्या रानांत किमान दोन हंगाम चाचणी हवी. शेजारीच नेहमीच्या पद्धतीचा ऊस ठेवून दोन्हींचे वजन काट्यावर तपासायला हवे. माहिती अपुरी असेल तेव्हा ‘आज सल्ला नाही’ असे यंत्रणेने स्पष्ट सांगावे.

नाव नोंदवण्यापूर्वी शेतकऱ्याने तीन गोष्टी विचाराव्यात: सेन्सर बंद पडल्यास दुरुस्त कोण करणार, किती दिवसांत, आणि कोणाच्या खर्चाने?